मे महिना, कुरडया आणि कपाची फायनल

मैत्रिणींनो, मे महिना म्हटला की आपल्याकडे गच्चीभर कुरडया, पापड, सांडगे आणि कावळ्यांपासून त्यांची राखण. इंग्लंडात मात्र मे महिना म्हटला की एकच विषय, फुटबॉलच्या कपाची फायनल! एफ. ए. कप असं त्या कपाचं नाव. एफ. ए. म्हणजे फुटबॉल असोसिएशन, तिथल्या फुटबॉलचा सारा कारभार पाहणारी संस्था. पुरुषांच्या या कपाची पहिली फायनल लंडनला १८७२ साली झाली. म्हणजे दीडशे वर्षं उलटून गेली. पण आज मला सांगायचं आहे ते दुसऱ्या कपाबद्दल, बायकांच्या एफ. ए. कपाबद्दल.

१४ मे २०२३ ची फायनल घ्या. लंडनच्या वेम्बली मैदानावर चेल्सी आणि मँचेस्टर युनायटेड या दोन क्लबांच्या मुली समोरासमोर होत्या. पाहायला माणसं किती, तर ७७,३९०! आपलं मुंबईचं वानखेडे स्टेडियम तुडुंब भरलं तरी तेहतीस हजारांच्या आसपास माणूस मावतं. म्हणजे वानखेडे दोनदा भरूनही माणसं उरतील, एवढी गर्दी केवळ बायकांचा फुटबॉल पाहायला, आणि तीही तिकीट काढून. चेल्सीनं १-० असा सामना जिंकला. तो एकुलता एक गोल केला सॅम कर हिनं. ही मुलगी ऑस्ट्रेलियाची, पण तिच्या वडिलांचा जन्म आपल्या कोलकत्याचा, बरं का!

आता तुम्ही म्हणाल, लोणच्याचं मीठ आणि लोकरीच्या कपड्यांचे डाग सोडून आज हे फुटबॉल कुठून आलं? सांगते. ज्या घरात आठ-दहा वर्षांच्या पुढची मुलगी आहे, त्या घरात कधी ना कधी हा प्रश्न येतोच. शाळेत टीम निघालेली असते, मुलगी घरी येऊन म्हणते, "आई, मी पण नाव देऊ?" आणि मग घरातली मोठी माणसं एकमेकांकडे पाहतात. आजी म्हणते, उन्हानं काळी पडेल. बाबा म्हणतात, अभ्यासाचं काय? आणि आई, म्हणजे आपण, काय बोलावं ते न सुचून म्हणतो, "बघू." त्या "बघू"साठीच आजची ही गोष्ट आहे.

आधी हा कप म्हणजे काय ते थोडक्यात समजून घेऊ, म्हणजे टीव्हीसमोर बसल्यावर कुणाला विचारत बसायला नको. फुटबॉलात लीग वेगळी आणि कप वेगळा. लीगमध्ये वर्षभर सगळे सगळ्यांशी खेळतात आणि गुण साठवतात, आपल्या भिशीसारखं. कपात तसं नाही. हरला तो घरी गेला! चिठ्ठ्या टाकून जोड्या लावतात, त्यामुळे एखाद्या गावठाणातल्या लहानशा क्लबची गाठ एकदम नामांकित क्लबाशी पडू शकते. खेळ दीड तासाचा, पंचेचाळीस-पंचेचाळीस मिनिटांचे दोन भाग, मध्ये विश्रांती. फायनलमध्ये बरोबरी झाली तर अर्धा तास जादा, आणि तरीही निकाल लागला नाही तर पेनल्टी. राहता राहिलं ते ऑफसाइड. त्याचा सगळा बारकावा सांगत नाही, पण सार असं की चेंडू यायच्या आधीच गोलाच्या दारात ताट घेऊन बसायचं नाही. मैत्रिणीनं चेंडू पुढे मारला की मग धावायचं.

आता मूळ गोष्टीकडे वळू. पुरुषांचा कप १८७२ चा, तर बायकांची पहिली फायनल झाली ९ मे १९७१ रोजी. मधली जवळजवळ शंभर वर्षं बायका काय करत होत्या? त्यांना खेळता येत नव्हतं, की आवड नव्हती? तसं मुळीच नाही.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि इंग्लंडातले पुरुष लढाईवर गेले. कारखान्यांत बायका भरती झाल्या. तोफगोळे, दारूगोळा बनवण्याचं काम त्या करू लागल्या. उत्तर इंग्लंडात प्रेस्टन नावाचं गाव आहे. तिथे डिक, कर अँड कंपनी नावाचा आगगाड्या आणि ट्रामचं सामान बनवणारा कारखाना होता, तोही दारूगोळ्याच्या कामाला लागला होता. तिथल्या मुली जेवणाच्या सुट्टीत अंगणात चेंडू खेळायच्या. त्यातून त्यांची टीमच तयार झाली, आणि १९१७ च्या नाताळच्या दिवशी त्यांनी दुसऱ्या एका कारखान्यातल्या मुलींशी सामना खेळला. जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी पैसे उभे करायचे, हा हेतू. दहा हजार लोक आले!

पुढे या मुलींचं नाव देशभर झालं. १९२० च्या नाताळात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना सेंट हेलेन्स गावच्या मुलींशी झाला, तेव्हा आत ५३,००० लोक होते आणि जागा नाही म्हणून हजारो माणसं फाटकावरूनच परत गेली. त्या एका सामन्यात तीन हजार पौंडांहून जास्त रक्कम जमली. त्या काळचे तीन हजार पौंड, हे लक्षात घ्या. हा पैसा खेळाडूंच्या घरी गेला नाही, लढाईतून परतलेल्या सैनिकांसाठी गेला. याच टीममध्ये लिली पार नावाची एक मुलगी होती. १९०५ सालचा तिचा जन्म, म्हणजे टीममध्ये आली तेव्हा जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची. डाव्या पायानं असा चेंडू मारायची की भल्याभल्यांनी तोंडात बोटं घालावीत.

आणि मग ५ डिसेंबर १९२१ हा दिवस आला. एफ. ए. च्या कारभाऱ्यांनी बैठकीत ठराव केला. त्याचा आशय असा, की फुटबॉल हा खेळ बायकांना अगदी अयोग्य आहे, त्याला उत्तेजन देता कामा नये, आणि आमच्या कुठल्याही क्लबानं आपलं मैदान बायकांच्या सामन्यांना देऊ नये. बायकांच्या शरीराला हा खेळ झेपत नाही, असं सांगणारे डॉक्टरही निघाले. जमलेल्या पैशातला फार मोठा भाग खर्चातच जातो, अशीही शंका काढली गेली. गंमत पाहा, याच बायकांनी चार वर्षं दिवसभर दारूगोळा वाहिला, तेव्हा त्यांच्या शरीराची काळजी कुणालाच वाटली नव्हती! आणि १९१८ साली तिशीपुढच्या बायकांना मताचा अधिकारही मिळालेला होता. देशाचं सरकार निवडायला बाई योग्य, चेंडू मारायला मात्र अयोग्य!

यातली खरी मेख कुठे आहे ते पाहा. बायकांनी फुटबॉल खेळू नये, असा कायदा कुणी केला नाही. पोलीस आले नाहीत, कुणाला दंड झाला नाही. फक्त मैदान काढून घेतलं. मैदान गेलं की बसायला जागा नाही, जागा नाही की प्रेक्षक नाही, प्रेक्षक नाही की पैसा नाही, पैसा नाही की बूट नाहीत, प्रशिक्षक नाही, आणि दहा वर्षांनी लोकच म्हणायला मोकळे, "अहो, बायकांना आवडच नसते फुटबॉलची!"

त्या मुलींनी मात्र खेळ सोडला नाही. सार्वजनिक बागांत खेळल्या, रग्बीच्या मैदानांवर खेळल्या. १९२२ साली तर अमेरिकेत जाऊन पुरुषांच्या टीमशी सामने खेळून आल्या. लिली पार पुढे मनोरुग्णांच्या इस्पितळात परिचारिका झाली, नोकरी सांभाळून १९५१ पर्यंत खेळली, आणि नऊशेंहून जास्त गोल तिच्या नावावर सांगितले जातात. १९७८ साली ती वारली. इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयानं मानाच्या यादीत पहिल्या स्त्रीचं नाव घेतलं, ते तिचं, २००२ साली. म्हणजे मान मिळाला, पण बाई गेल्यावर चोवीस वर्षांनी.

१९६६ साली इंग्लंडच्या पुरुषांनी वर्ल्ड कप जिंकला, घरोघरी फुटबॉलचं वेड पसरलं, आणि मुलींनी पुन्हा उचल खाल्ली. १९६९ मध्ये बायकांनी आपली स्वतःची फुटबॉल संघटना काढली. पाठोपाठ एफ. ए. नंही ती जुनी बंदी उठवली. आणि मग १९७१ च्या मे महिन्यात लंडनला क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर बायकांच्या कपाची पहिली फायनल झाली. एकाहत्तर टीमनी नावं दिली होती. फायनलला पोचले साउथहॅम्टन आणि स्कॉटलंडहून आलेला स्ट्युअर्टन थिसल हा क्लब. साउथहॅम्टननं ४-१ असा सामना जिंकला, आणि त्यांतले तीन गोल पॅट डेव्हिस या एकटीनं केले. पुढच्या दहा वर्षांत साउथहॅम्टननं एकूण आठ वेळा हा कप नेला.

त्या सुरुवातीच्या टीमांतल्या एकीची हकिकत मला फार आवडते. डॉनकॅस्टर बेल्स तिचं नाव. डॉनकॅस्टर गावात पुरुषांच्या क्लबाचे सामने व्हायचे, तेव्हा काही मुली प्रेक्षकांत फिरून लॉटरीची तिकिटं विकायच्या. दर आठवड्याला दुसऱ्यांचा खेळ पाहायचा आणि तिकिटं विकायची. १९६९ साली त्यांनी ठरवलं, आपणच का खेळू नये? आणि या तिकिटं विकणाऱ्या मुलींच्या टीमनं पुढे १९८३ ते १९९४ या काळात सहा वेळा कप जिंकला! दुसऱ्यांच्या पंक्तीत वाढत राहिलेल्या बाईनं एक दिवस स्वतःचं पान मांडून घ्यावं, तसंच हे झालं, नाही का?

१९९३ पासून या कपाचा कारभार एफ. ए. नं आपल्याकडे घेतला. २००८ साली त्यांनी १९२१ च्या त्या ठरावाबद्दल माफीही मागितली. २०१५ मध्ये बायकांची फायनल पहिल्यांदा वेम्बलीवर झाली. चेल्सीनं नॉट्स काउंटीला १-० हरवलं, प्रेक्षक होते तीस हजारांवर. आठ वर्षांत ते सत्त्याहत्तर हजारांवर गेले. २०२४ साली मँचेस्टर युनायटेडनं टॉटनहॅमला ४-० हरवून हा कप पहिल्यांदा घेतला. याच युनायटेडनं २००५ मध्ये आपली बायकांची टीम मोडीत काढली होती, आणि २०१८ मध्ये ती पुन्हा उभी केली होती! २०२५ ला चेल्सीनं त्यांना ३-० हरवून परतफेड केली.

आता घरखर्चाची वही लिहिणाऱ्या आपण, तेव्हा पैशाचंही बोलू. २०२२ साली बायकांचा कप जिंकणाऱ्या क्लबाला बक्षीस होतं २५ हजार पौंड, आणि पुरुषांच्या विजेत्याला १८ लाख पौंड. भागाकार करून पाहा, बहात्तर पट! त्यावर बरीच आरडाओरड झाली. २०२४ मध्ये बायकांच्या विजेत्यांचं बक्षीस ४ लाख ३० हजार पौंड झालं, पुरुषांचं २० लाख. अजून साडेचार पटींहून जास्त फरक आहे, पण बहात्तरावरून इथवर आलं. न बोलता ते आलं नसतं, एवढं नक्की.

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं म्हणून सोडून देऊ नका. आपल्या अदिती चौहान या गोलकीपर मुलीनं इंग्लंडात शिकायला जाऊन २०१५ मध्ये वेस्ट हॅमच्या बायकांच्या टीममध्ये जागा मिळवली होती. आणि २०२२ च्या फेब्रुवारीत आशियाई देशांच्या बायकांच्या कपाची फायनल कुठे झाली ठाऊक आहे? नव्या मुंबईत! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्ड कपची फायनलही तिथेच झाली. स्पेननं कोलंबियाला १-० हरवलं. म्हणजे खेळ दारात येऊन उभा आहे.

आता आपल्या "बघू"कडे येते. आपल्या घरांतही कुणी ठराव करत नाही हो. मुलीला कुणी "खेळायचं नाही" असं तोंडावर म्हणत नाही. फक्त संध्याकाळचा तो एक तास तिला मिळत नाही. "आधी धाकट्याला क्लासला सोडून ये." "कणीक तिंबून ठेव, मग जा." "गुडघे फोडून घेशील, उद्या दाखवायच्या वेळी काय?" भावाला मात्र त्याच वेळी कुणी हाक मारत नाही. वर्षभरानं तीच म्हणते, "जाऊ दे, मला नाहीच आवडत," आणि आपल्याला वाटतं, बरं झालं, पोरीला स्वतःलाच कळलं. इंग्लंडात मैदान काढून घेतलं, आपण तास काढून घेतो. तेव्हा मुलीनं विचारलं तर तो तास तिला द्या. ती पुढे खेळाडू होवो न होवो, तो प्रश्नच नाही. भाऊ तरी कुठे सगळे होतात?

पाठवायचं ठरलं, तर चार गोष्टी नीट पाहा.

बूट: फुटबॉलचे खालून खुंट्या असलेले बूट मुलीच्याच मापाचे घ्या. "पुढच्या वर्षीही होतील" म्हणून मोठे घेऊ नका, आणि भावाचे जुनेही देऊ नका. सैल बुटात पाय मुरगळतो. नडगीवर बांधायचे पॅड आणि वर लांब मोजे हवेतच.

कपडे: वयात येणाऱ्या मुलीला खेळासाठीची घट्ट बसणारी ब्रेसियर घेऊन द्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. चड्डी गडद रंगाची असू द्या. पाळीच्या दिवसांत पांढऱ्या चड्डीची धास्ती वाटते, असं इंग्लंडच्या राष्ट्रीय टीमच्या मुलींनीच उघड सांगितलं, आणि २०२३ मध्ये त्यांच्या चड्डीचा पांढरा रंग जाऊन निळा आला. एवढ्या मोठ्या खेळाडूंना जे सांगावं लागलं, ते आपल्या मुलीला सांगता येत नसेल, तर आपण आधी विचारावं. पाळीत बरं वाटत असेल तर खेळायला हरकत नाही. फार दुखत असेल किंवा अंगावरून फार जात असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

गुडघे: मुलींना गुडघ्याच्या आतली शीर दुखावण्याचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, हे खरं आहे. पण त्यावर उपाय घरी बसवणं हा नव्हे. खेळण्याआधी पंधरा-वीस मिनिटं ठरावीक व्यायाम केले, म्हणजे हळू धावणं, एका पायावर तोल सांभाळणं, उड्या मारून गुडघे वाकवून अलगद उतरणं, तर दुखापती बऱ्याच कमी होतात. प्रशिक्षक हे करून घेतात का, ते एकदा मैदानावर जाऊन पाहा. तिथे मुलींसाठी स्वच्छ संडास आहे का, आणि अंधार पडल्यावर परत कशी येणार, हेही त्याच खेपेला पाहून घ्या.

खाणं: महागडे डबे आणि पावडरी यांची गरज नाही. खेळायला जाण्याआधी तासभर एखादं केळं किंवा गूळ-पोळी, आल्यावर पोटभर जेवण. पालेभाजी, उसळ, नाचणी असू द्या. वर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा मात्र नको. आणि पाण्याची बाटली सोबत हवीच.

शेवटी फायनल पाहण्याबद्दल. पुढच्या मे महिन्यात ती पुन्हा येईल. तिकडची दुपार ती आपली संध्याकाळ, उन्हाळ्यात आपलं घड्याळ त्यांच्यापेक्षा साडेचार तास पुढे असतं. म्हणजे नेमकी स्वयंपाकाची वेळ! म्हणून त्या दिवशी सकाळीच भाजी चिरून ठेवा, रात्रीला मुगाची खिचडी आणि पापड एवढंच ठरवा. मुलीला बोलावा, मुलालाही बोलावा. त्यानंही पाहावं. सासूबाईंना खुर्ची पुढे द्या. आणि मध्यंतराला चहा कुणी करायचा, ते सामना सुरू व्हायच्या आधीच ठरवून टाका. तुम्ही दीड तास उठायचं नाही!